मॅटरहॉर्नची हॉर्न्ली धार आणि १८६५ चा अपघात : साक्ष, वर्ग आणि इतिहासलेखन

प्रस्तावना

राजकीय घडामोडी, युद्धे, तह आणि राज्यकारभार यांच्या इतिहासाला अभ्यासकांनी जे महत्त्व दिले, ते गिर्यारोहणाच्या इतिहासाला फारसे मिळालेले नाही. डोंगर चढणे हा वरकरणी निरुपयोगी उद्योग मानला गेल्यामुळे त्याची नोंद साहसकथांच्या दालनात झाली आणि इतिहासाच्या कसोट्या तिला क्वचितच लावल्या गेल्या. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील युरोपीय गिर्यारोहण ही औद्योगिक समाजातील सुस्थित वर्ग, डोंगराळ भागातील गरीब शेतकरी, नव्याने वाढणारी वृत्तपत्रे आणि राष्ट्रवाद या सर्वांना एकत्र आणणारी घटना होती. या दृष्टीने १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न शिखरावर झालेले पहिले आरोहण आणि उतरताना झालेला चौघांचा मृत्यू हे प्रकरण विशेष अभ्यसनीय आहे.

या प्रकरणाचा वृत्तांत जगभर पोहोचला तो प्रामुख्याने एका व्यक्तीच्या लेखणीतून. वाचलेल्या तिघांपैकी एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज लेखक व चित्रकार होता; उरलेले दोघे, थोरला आणि धाकटा पीटर टाउगवाल्डर, हे झेरमाट गावचे पिता-पुत्र वाटाडे होते. एकाच दोराला बांधलेल्या या तिघांनी एकच घटना अनुभवली. परंतु तिचा इतिहास लिहिण्याची साधने मात्र तिघांपाशी सारखी नव्हती. या विषमतेचा इतिहासावर काय परिणाम झाला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे

१) हॉर्न्ली धारेचे भौगोलिक स्वरूप आणि पहिल्या आरोहणाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) अपघाताविषयी उपलब्ध असलेल्या साधनांचे स्वरूप व मर्यादा तपासणे.
३) थोरल्या टाउगवाल्डरवर आलेल्या संशयाची पुराव्याच्या आधारे चिकित्सा करणे.

धारेचे स्वरूप

मॅटरहॉर्न हे ४,४७८ मीटर उंचीचे शिखर स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर उभे आहे. इटालियन भाषेत त्यास मोंते चेर्व्हिनो असे म्हणतात. उत्तरेकडे स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील झेरमाट आणि दक्षिणेकडे इटलीतील वाल्तूर्नांश खोऱ्यातील ब्रॉय ही त्याच्या पायथ्याची गावे. चार बाजू आणि चार धारा अशी या शिखराची सुबक पिरॅमिडसारखी रचना आहे. ईशान्येची हॉर्न्ली, आग्नेयेची फुर्गेन, नैर्ऋत्येची लायन आणि वायव्येची झ्मुट अशा या चार धारा होत. त्यांपैकी हॉर्न्ली धारेवरून आज सर्वाधिक आरोहणे होतात. सुमारे ३,२६० मीटर उंचीवरील हॉर्न्ली निवाऱ्यापासून शिखरापर्यंत बाराशे मीटरहून अधिक उंची या धारेवरून गाठावी लागते.

ही वाट सरळसोट भिंतीची नाही. बहुतेक ठिकाणी हातापायांनी खडकाला धरून, खोबणी चाचपत वर सरकावे लागते. सह्याद्रीतील भटक्यांना परिचित असलेल्या कातळटप्प्यांच्या मालिकेशी तिची जात जुळते. मात्र येथे उंची विरळ हवेची, खडक ठिसूळ, वरच्या भागात बर्फाचा मुलामा आणि दोन्ही अंगांस हजार मीटरहून अधिक खोल उतार अशी स्थिती आहे. अशा वाटेवर एकेक पाऊल फारसे कठीण नसते. परंतु चूक कोठेही झाली तरी तिचे मोल सारखेच असते. पुढे घडलेल्या अपघाताचे मर्म धारेच्या याच गुणधर्मात आहे.

झेरमाटमधून पाहताना हॉर्न्ली धार जवळजवळ उभी भासते. त्यामुळे प्रारंभीच्या बहुतेक प्रयत्नकर्त्यांनी ती अशक्य मानून इटलीच्या बाजूची लायन धार निवडली. व्हिंपरने केलेले निरीक्षण येथे महत्त्वाचे ठरते. बाजूने पाहिले असता पूर्वेकडील उताराचा कोन चाळीस अंशांच्या आसपासच आहे, हे त्याच्या ध्यानात आले. खडकाचे थर नैर्ऋत्य बाजूस बाहेरच्या दिशेने कललेले असल्याने तेथे पायऱ्या उलट्या, म्हणजे पाय घसरावा अशा, होतात. पूर्वेच्या बाजूस तेच थर आत कलल्यामुळे नैसर्गिक पायऱ्यांचे काम करतात, असा तर्क त्याने बांधला. हा तर्क खरा ठरला. दुरून दिसणारे आणि जवळ जाऊन तपासलेले यांतील अंतर या डोंगराने अशा प्रकारे आरंभीच दाखवून दिले होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आल्प्समधील सर्वोच्च शिखर माँ ब्लां याचे पहिले आरोहण ८ ऑगस्ट १७८६ रोजी झाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल-गॅब्रिएल पॅकार यांनी केले. १८५४ ते १८६५ हा काळ मात्र आल्प्समधील गिर्यारोहणाचे सुवर्णयुग म्हणून ओळखला जातो. रेल्वेमुळे प्रवास सुलभ झाला होता आणि इंग्लंडमधील धर्मगुरू, वकील, अध्यापक व शास्त्रज्ञ यांना उन्हाळी सुट्टीत स्वित्झर्लंड गाठणे शक्य होऊ लागले होते. १८५७ मध्ये लंडनमध्ये आल्पाइन क्लबची स्थापना झाली. आपला अनुभव लिहून काढणे हे या वर्गाच्या अंगवळणी पडलेले होते. त्यामुळे आरोहणाबरोबर आरोहणाचे वाङ्मयही वाढत गेले.

या आरोहणांचा प्रत्यक्ष भार ज्यांच्या खांद्यांवर होता ते वाटाडे मात्र गुराखी, शिकारी, गवंडी किंवा अल्पभूधारक शेतकरी होते. उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत मिळणारी मजुरी हा त्यांच्या वार्षिक उत्पन्नाचा मोठा आधार असे. प्रत्येक वाटाड्यापाशी एक वही असे. तीत पाहुणे आपला अभिप्राय लिहीत आणि पुढील पाहुणा तो अभिप्राय वाचूनच त्याला कामावर घेई. म्हणजे वाटाड्याची पत त्याने स्वतः नव्हे, तर पाहुण्याने लिहिलेल्या शब्दांवर अवलंबून होती. या व्यवस्थेतील धोका पूर्वीच प्रकट झाला होता. १८२० मध्ये माँ ब्लांवर डॉक्टर हामेल याच्या मोहिमेत हिमप्रपाताने तीन वाटाडे मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर १८२१ मध्ये शामोनी येथे वाटाड्यांची संघटना उभी राहिली.

मॅटरहॉर्नच्या बाबतीत पहिला पुढाकार इटलीच्या बाजूच्या स्थानिकांचा होता, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. १८५७ मध्ये झाँ-आंत्वान कॅरेल, झाँ-झाक कॅरेल आणि तरुण सेमिनरी विद्यार्थी एमे गोरे यांनी कोणाही पाहुण्याविना या शिखराच्या चढाईचा प्रयत्न केला होता. झाँ-आंत्वान कॅरेल हा १८५९ च्या युद्धात लढलेला सैनिक होता. आपले शिखर आपल्याच खोऱ्यातून सर व्हावे अशी त्याची जिद्द होती. १८६२ मध्ये शास्त्रज्ञ जॉन टिंडल याने लायन धारेवरील खांद्यापर्यंत मजल मारली. तो भाग आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

एडवर्ड व्हिंपर याचा जन्म १८४० मध्ये लंडन येथे झाला. व्यवसायाने तो लाकडावर कोरीव चित्रे करणारा कारागीर होता. प्रकाशक विल्यम लाँगमन याने १८६० मध्ये आल्प्सची रेखाचित्रे काढण्यासाठी त्यास पाठविले आणि तेथेच त्याला डोंगरांचे वेड लागले. आल्पाइन क्लबमधील विद्यापीठीय पार्श्वभूमीच्या सभासदांच्या तुलनेत व्हिंपर हा स्वतःच्या हाताने पोट भरणारा मनुष्य होता. त्यामुळे या प्रकरणातील वर्गविभागणी केवळ श्रीमंत आणि गरीब अशी सरळ नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. १८६१ पासून त्याने मॅटरहॉर्नवर वारंवार प्रयत्न केले. १८६२ मधील एका एकट्याच्या प्रयत्नात तो घसरून सुमारे दोनशे फूट खाली कोसळला आणि थोडक्यात बचावला.

जुलै १८६५ : स्पर्धा आणि योगायोग

१८६३ मध्ये इटालियन आल्पाइन क्लबची स्थापना झाली. त्यामागे क्विंतिनो सेल्ला या राजकारणी पुरुषाचा पुढाकार होता. नुकत्याच एकत्रित झालेल्या इटलीच्या दृष्टीने मॅटरहॉर्न हा प्रतिष्ठेचा विषय बनला. फेलिचे जोर्दानो याने त्यासाठी कॅरेलशी गुप्तपणे बोलणी केली आणि जुलै १८६५ च्या दुसऱ्या आठवड्यात कॅरेलची तुकडी ब्रॉयहून निघाली. कॅरेलला आपल्यासोबत घेण्याच्या प्रयत्नात असलेल्या व्हिंपरला हे उशिरा कळले. त्याच्यापाशी ना वाटाड्या होता, ना हमाल.

याच वेळी अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ब्रॉय येथे आला. दोघे १२ जुलै रोजी थिओडुल खिंड ओलांडून झेरमाटला पोहोचले. डग्लसने थोरल्या पीटर टाउगवाल्डरला कामावर घेतले होते. झेरमाटमध्ये त्यांची गाठ रेव्हरंड चार्ल्स हडसन या अनुभवी आरोहकाशी पडली. हडसनसोबत एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो आणि शामोनीचा ख्यातनाम वाटाड्या मिशेल क्रोझ हे होते. क्रोझ आणि व्हिंपर यांनी पूर्वी अनेक शिखरे एकत्र चढली होती. दोन गट एकाच दिवशी एकाच धारेवर जाण्यापेक्षा एकत्र जाणे बरे, असा निर्णय एका संध्याकाळीत झाला.

हॅडोच्या क्षमतेविषयी व्हिंपरने चौकशी केली असता हडसनने त्याच्या माँ ब्लांवरील जलद आरोहणाचा दाखला दिला आणि तो पुरेसा मानला गेला. माँ ब्लांची चढाई बर्फावरील दीर्घ चाल आहे. मॅटरहॉर्नची धार खडकावर हातापायांचे काम मागते. या दोहोंतील भेद निर्णय घेणाऱ्यांच्या ध्यानात आला नाही, अथवा आला तरी घाईमुळे बाजूस सारला गेला. शिवाय या सात जणांच्या तुकडीस एक असा प्रमुख नव्हता. तीन स्वतंत्र पाहुण्यांचे गट आणि त्यांचे तीन वाटाडे, ज्यांत धाकटा टाउगवाल्डर हाही होता, केवळ योगायोगाने एका दोरावर आले होते.

१३ जुलै रोजी पहाटे तुकडीने झेरमाट सोडले आणि सुमारे ११,००० फूट उंचीवर मुक्काम केला. १४ जुलै रोजी चढाई अपेक्षेपेक्षा सोपी गेली. वरच्या भागात धार सोडून उत्तरेच्या उतारावर थोडे आडवे जावे लागले. खडकावर बर्फाचा पातळ थर असलेला हाच टप्पा कठीण होता. हॅडोस तेथे वरचेवर आधार द्यावा लागला, असे व्हिंपर नमूद करतो. शिखर जवळ आल्यावर व्हिंपर आणि क्रोझ दोर सोडून पुढे धावले आणि दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी शिखरावर पोहोचले. कॅरेलची तुकडी अद्याप खूप खाली लायन धारेवर होती. तिचे लक्ष वेधण्यासाठी वरून आरोळ्या ठोकण्यात आल्या आणि दगड ढकलण्यात आले. कॅरेल त्या दिवशी माघारी वळला. मात्र तीन दिवसांनी, १७ जुलै रोजी, त्याने इटलीच्या बाजूने शिखर गाठले.

अपघात

शिखरावर सुमारे एक तास घालवून तुकडी उतरू लागली. सर्वांत पुढे क्रोझ, त्यामागे हॅडो, हडसन, डग्लस, थोरला टाउगवाल्डर, व्हिंपर आणि शेवटी धाकटा टाउगवाल्डर असा क्रम होता. आरंभी व्हिंपर आणि धाकटा टाउगवाल्डर वेगळे बांधलेले होते. दुपारी तीनच्या सुमारास डग्लसने व्हिंपरला थोरल्या टाउगवाल्डरशी बांधून घेण्याची विनंती केली. कोणी घसरल्यास टाउगवाल्डर एकटा तोल सावरू शकणार नाही, अशी धास्ती त्यास वाटत होती. अवघड टप्प्यावर खडकाला एक जादा दोर बांधावा, ही सूचना व्हिंपरने हडसनपाशी केली होती आणि हडसनला ती पसंतही पडली होती. परंतु तसे करण्याचे निश्चित ठरले नाही.

क्रोझ आपली कुऱ्हाड बाजूस ठेवून हॅडोची पावले एकेक करून खोबणीत बसवीत होता. तो पुढे वळत असता हॅडो घसरून त्याच्यावर आदळला. दोघांच्या भाराने हडसन आणि त्यापाठोपाठ डग्लस ओढले गेले. थोरल्या टाउगवाल्डरने आणि व्हिंपरने खडकाला घट्ट धरले. हिसका बसला आणि टाउगवाल्डर व डग्लस यांच्यामधील दोर तुटला. चौघे सुमारे चार हजार फूट खाली मॅटरहॉर्न हिमनदीवर कोसळले. क्रोझ, हॅडो आणि हडसन यांचे मृतदेह सापडले. डग्लसचा देह कधीच मिळाला नाही. उरलेले तिघे रात्र धारेवर काढून १५ जुलै रोजी झेरमाटला परतले.

साधनांचे स्वरूप

या घटनेविषयीची प्रमुख साधने तीन प्रकारची आहेत. पहिले, व्हिंपरचे पत्र, जे ८ ऑगस्ट १८६५ रोजी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. दुसरे, व्हाले प्रांताच्या न्याययंत्रणेने २१ ते २३ जुलै १८६५ या काळात योझेफ आंटोन क्लेमेन्झ याच्या अध्यक्षतेखाली झेरमाट येथे घेतलेल्या चौकशीतील जबान्या. तिसरे, १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेला व्हिंपरचा ‘स्क्रॅम्बल्स अमंग्स्ट द आल्प्स’ हा ग्रंथ.

काळाच्या दृष्टीने पाहता चौकशीतील जबान्या घटनेनंतर अवघ्या आठवड्याभरात नोंदविलेल्या आहेत. अस्सल आणि समकालीन कागद हा बखरीपेक्षा श्रेष्ठ, हे तत्त्व मराठी इतिहास संशोधनात वि. का. राजवाडे यांच्या काळापासून रुजलेले आहे. त्या तत्त्वानुसार या जबान्यांना अग्रक्रम मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात मात्र उलट घडले. चौकशीचे कागद दप्तरात पडून राहिले आणि ते छापून प्रसिद्ध झाले १९२० मध्ये, म्हणजे घटनेनंतर पंचावन्न वर्षांनी. तोपर्यंत व्हिंपरही हयात नव्हता. मधल्या काळात अभ्यासकांपुढे आणि सामान्य वाचकांपुढे व्हिंपरचा सुबोध, सचित्र आणि प्रभावी ग्रंथ तेवढा होता. त्याच्या स्वतःच्या कोरीव चित्रांनी तो सजलेला होता. पंचावन्न वर्षांत एका बाजूची कथा पक्की होण्यास भरपूर अवधी मिळाला.

व्हिंपरने स्वतः काही प्रश्न तयार करून ते टाउगवाल्डरला विचारावेत म्हणून चौकशीच्या अध्यक्षाकडे दिले होते. त्यांची उत्तरे आपणास कळविण्यात आली नाहीत, अशी त्याची तक्रार होती. ही तक्रार अस्थानी म्हणता येणार नाही. कागद गुप्त राहिल्याने व्हिंपरच्या मनातील संशयाचे निरसन झाले नाही आणि टाउगवाल्डरला आपला खुलासा लोकांपुढे ठेवता आला नाही. दप्तर बंद ठेवण्याचे नुकसान अशा रीतीने दोघांनाही सोसावे लागले. परंतु लेखणी हाती असणाऱ्यापेक्षा ती नसणाऱ्याला ते अधिक जड गेले.

संशयाची चिकित्सा

तुकडीपाशी तीन प्रकारचे दोर होते. पहिला आल्पाइन क्लबने मान्य केलेला मनिला दोर, दुसरा त्याहूनही बळकट आणि तिसरा जुना व बारीक. तुटलेला दोर हा तिसऱ्या प्रकारचा होता. दोराचे टोक पाहिल्यावर आपणास धक्का बसला, असे व्हिंपरने लिहिले आहे. झेरमाटमध्ये लवकरच अशी वदंता पसरली की थोरल्या टाउगवाल्डरने जीव वाचविण्यासाठी दोर कापला. व्हिंपरने आपल्या ग्रंथात ही वदंता स्पष्टपणे फेटाळली आहे. तसे करण्यास अवधीच नव्हता आणि दोराच्या टोकावर कापल्याच्या खुणा नाहीत, असे तो सांगतो. मात्र त्याच ठिकाणी त्याने दुसरा संशय मागे ठेवला. चांगला दोर शिल्लक असताना सर्वांत कमकुवत दोर नेमका त्या जागी का आला? अपघाताची भीती असल्यास तेथे कमकुवत दोर असणे टाउगवाल्डरच्या हिताचे होते, असे त्याने सूचित केले.

टाउगवाल्डरच्या जबानीचा आशय असा की, पुढच्या चौघांना बांधलेला दोर आपल्यापर्यंत पुरत नव्हता, म्हणून डग्लसशी बांधून घेण्यासाठी वेगळा दोर वापरला. हा दोर पुरेसा मजबूत नाही असे वाटले असते तर आपण तो वापरलाच नसता, असेही त्याने सांगितले. या दोन्ही बाजू समोर ठेवल्या असता पुढील मुद्दे विचारात घ्यावे लागतात.

पहिला मुद्दा हेतूचा. टाउगवाल्डरने कमकुवत दोर जाणून निवडला असे मानल्यास, त्याने अपघाताचा अंदाज तर केला, परंतु आपल्या मजुरीचा धनी असलेल्या डग्लसचा जीव पणास लावला, असे मानावे लागेल. पाहुण्याच्या अभिप्रायावर पोट चालणाऱ्या वाटाड्यासाठी पाहुण्याचा मृत्यू हा स्वतःच्या व्यवसायाचाही मृत्यू होता. हेतूचा पुरावा म्हणून व्हिंपरपाशी दोराच्या प्रकारापलीकडे काही नाही.

दुसरा मुद्दा माहितीचा. तीनच्या सुमारास व्हिंपर स्वतः थोरल्या टाउगवाल्डरच्या लगत मागे बांधला गेला. म्हणजे पुढील दोर कोणता आहे हे पाहण्याची संधी त्यालाही होती. ज्या गोष्टीकडे तज्ज्ञ आरोहकाचे लक्ष गेले नाही, तिच्याकडे दुसऱ्याचे लक्ष न जाण्यात मात्र कपट दिसावे, हा तर्क समतोल ठरत नाही. आल्पाइन क्लबने १८६४ मध्येच दोरांची चाचणी घेऊन अहवाल प्रसिद्ध केला होता. हे ज्ञान क्लबच्या वर्तुळातील व्यक्तींपाशी असण्याची शक्यता झेरमाटच्या शेतकऱ्यापेक्षा अधिक होती. शिवाय तो बारीक दोर व्हिंपरच पूर्वी वापरीत असे.

तिसरा मुद्दा वर्तनाचा. हिसका बसण्याच्या क्षणी टाउगवाल्डर खडकाला धरून उभा राहिला. दोर तुटेपर्यंतचा भार त्याच्या देहावर आला. तो ढळला असता तर मागचे दोघेही गेले असते. व्हिंपरच्या ग्रंथात मात्र अपघातानंतर भीतीने थिजलेले, रडणारे टाउगवाल्डर पिता-पुत्र वाचकाच्या लक्षात राहतात. भार पेलणारा टाउगवाल्डर तितकासा राहत नाही. डग्लसच्या मृत्यूमुळे आता आपले पैसे कोण देणार, असे त्याच रात्री त्यांनी विचारले, हेही व्हिंपर नापसंतीने नोंदवितो. हा प्रश्न वेळेला धरून नव्हता हे खरे. तथापि दोन दिवस जीव धोक्यात घालून कमावलेली मजुरी बुडाली तर घर कसे चालणार, ही चिंता ज्याच्या घरात कधी शिरली नाही त्यालाच तो प्रश्न केवळ निर्दयपणाचा वाटेल.

चौथा मुद्दा व्हिंपरच्या बाजूचा. तो न मांडल्यास चिकित्सा एकांगी होईल. व्हिंपर त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. चार सोबत्यांचा मृत्यू त्याने डोळ्यांदेखत पाहिला होता आणि इंग्लंडमधील वृत्तपत्रे गिर्यारोहणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत होती. त्याने दोर कापल्याचा आरोप खोडून काढला नसता तर टाउगवाल्डरची स्थिती याहून वाईट झाली असती. त्याने हेतुपुरस्सर खोटे लिहिले असे दाखविणारा पुरावा नाही. आपल्या मनातील अनुत्तरित प्रश्न त्याने छापील ग्रंथात मांडला आणि छापील संशयाचे वजन साध्या संशयाहून किती वेगळे असते, याचा अंदाज त्याने घेतला नाही, एवढेच म्हणता येते.

चौकशी समितीने हॅडोचे घसरणे हे अपघाताचे कारण मानले आणि कोणासही दोषी न ठरविता प्रकरण मिटविले. कायद्याच्या दृष्टीने टाउगवाल्डर निर्दोष ठरला. लोकांच्या दृष्टीने ठरला नाही. त्याच्यावरील संशयाची सावली गेली नाही. काही काळ तो अमेरिकेतही जाऊन राहिला. १८८८ मध्ये मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी श्वार्झझे येथे त्याचे निधन झाले. आपली जबानी छापलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

उत्तरकाळ

अपघातामुळे मॅटरहॉर्न ओस पडेल अशी अपेक्षा होती, घडले विपरीत. १८६७ मध्ये वाल्तूर्नांशची फेलिसिते कॅरेल ही तरुणी इटलीच्या बाजूने शिखराच्या अगदी जवळ पोहोचली आणि २२ जुलै १८७१ रोजी लूसी वॉकर ही शिखर गाठणारी पहिली स्त्री ठरली. तिचा वाटाड्या मेल्खिओर आंदरेग हा होता. १८९१ मध्ये झेरमाटपर्यंत रेल्वे आली. अवघड टप्प्यांवर जाड दोर कायमचे बसविण्यात आले. धाकटा टाउगवाल्डर ही त्याच धारेवर पाहुण्यांना नेत राहिला. राणी व्हिक्टोरियाने १८६५ मध्येच गिर्यारोहणावर बंदी घालण्याचा विचार केला, असे सर्रास सांगितले जाते. परंतु तिच्या चिटणिसाने पंतप्रधान ग्लॅडस्टन यास या विषयी लिहिलेले पत्र १८८२ मधील आहे. ग्लॅडस्टनने हस्तक्षेप करण्यास अनुकूलता दर्शविली नाही. लोकप्रिय कथा तारखा कशा सरकवितात याचे हे एक उदाहरण होय.

व्हिंपर आणि कॅरेल यांनी पुढे वैर विसरून १८८० मध्ये इक्वेडोरमधील चिंबोराझो सर केले. १८९० मध्ये मॅटरहॉर्नवर वादळात सापडलेल्या आपल्या तुकडीस कॅरेलने सुखरूप खाली आणले आणि सुरक्षित जागी पोहोचताच तो कोसळला. १९११ मध्ये शामोनी येथे व्हिंपरचा अंत झाला.

हा प्रश्न आल्प्सपुरता मर्यादित राहिला नाही. १८७९ मध्ये मॅटरहॉर्नची झ्मुट धार प्रथम चढणारा अल्बर्ट ममरी १८९५ मध्ये नंगा पर्वतावर नाहीसा झाला. त्याच्यासोबत रघुवीर थापा आणि गोमान सिंग हे दोन गुरखा सैनिकही गेले. ममरीचे नाव प्रत्येक ग्रंथात आढळते, त्या दोघांचे क्वचितच. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टवर हिमप्रपातात सात भारवाहकांचा मृत्यू झाला. १९५३ मध्ये एव्हरेस्टवर पहिले पाऊल तेनझिंगचे की हिलरीचे, या वादात दोघांनीही आरंभी एकत्र पोहोचल्याचेच सांगितले. दोर हे सामायिक कर्म आहे, ही जाणीव त्या उत्तरात दिसते. ती १८६५ मध्ये कोणी मांडली असती तर टाउगवाल्डरचे उर्वरित आयुष्य कदाचित निराळे गेले असते.

निष्कर्ष

१) मॅटरहॉर्नच्या अपघातास एक व्यक्ती किंवा एक दोर कारणीभूत नव्हता. घाईने जमलेली तुकडी, नेतृत्वाचा अभाव, हॅडोच्या अनुभवाविषयीचा चुकीचा अंदाज, दोराच्या निवडीतील निष्काळजीपणा आणि जादा दोर न बांधणे या कारणांची ती बेरीज होती.

२) थोरल्या टाउगवाल्डरने कमकुवत दोर हेतुपुरस्सर निवडला, या संशयास उपलब्ध साधनांत आधार मिळत नाही. त्याची जबानी सुसंगत आहे.

३) हा संशय दीर्घकाळ टिकला, कारण समकालीन जबान्या अप्रकाशित राहिल्या आणि उत्तरकालीन ग्रंथ मात्र सर्वत्र वाचला गेला. साधनाचा दर्जा आणि त्याचा प्रसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान इतिहासकाराने ठेवावयास हवे.

४) ज्यांना लिहिता येत नाही किंवा ज्यांचे लेखन छापले जात नाही, त्यांची बाजू न्यायालयीन दप्तरे, मजुरीच्या नोंदी आणि अभिप्रायाच्या वह्या यांतून शोधावी लागते. असा शोध घेतल्याखेरीज साहसाचा इतिहास हा पाहुण्यांचाच इतिहास राहील.

समारोप

जुलै २००३ मधील तीव्र उष्म्यात हॉर्न्ली धारेवरील दरड कोसळली आणि वर अडकलेल्या आरोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. खडकांना सांधून ठेवणारा गोठलेला थर वितळू लागल्याची ती खूण मानली गेली. आजवर पाचशेहून अधिक माणसांचा बळी या शिखराने घेतला आहे. पहिल्या आरोहणास दीडशे वर्षे झाली तेव्हा, १४ जुलै २०१५ रोजी, मृतांच्या स्मरणार्थ मॅटरहॉर्नवरील चढाई त्या दिवसापुरती बंद ठेवण्यात आली. तुटलेल्या दोराचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात काचेआड जपून ठेवलेला आहे. पाहणाऱ्याला तो आश्चर्य वाटावे इतका बारीक दिसतो. त्याचे एक टोक चौघांच्या मृत्यूकडे गेले आणि दुसरे एका हयात माणसाच्या कमरेला राहिले. त्या दुसऱ्या टोकाचा इतिहास पुरता लिहिला जाणे हे अभ्यासकांवरील एक जुने ऋण आहे.